नासाडीचा धनी कोण?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरणविषयक शाखेने २०२४ साली अन्नाच्या नासाडीविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०२२ ह्या एका वर्षात सर्व पृथ्वीवर मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न फुकट गेले असा हिशेब मांडला आहे. त्यापैकी शेकडा ६० भाग घरांतून, २८ भाग उपाहारगृहे, खानावळी इत्यादि स्थळांतून आणि १२ भाग दुकानांतून टाकला गेला. आणि त्याच वर्षी ७८ कोटींहून अधिक माणसे पोटभर अन्नावाचून राहिली. आमच्या देशाच्या नावावर ह्या अहवालात घरगुती नासाडीचे सुमारे ७ कोटी ८० लाख टन, म्हणजे दरडोई वर्षास ५५ किलो, लिहिलेले आहेत. असा एखादा आकडा बाहेर पडला की आमच्याकडील उपदेशकांस स्फुरण चढते. शाळांतून प्रतिज्ञा होतात, भोजनगृहांच्या भिंतींवर पाट्या लागतात, आणि ताटात अन्न टाकणे वाईट ही जी गोष्ट कोणासच नाकबूल नव्हती, ती पुन्हा एकवार मोठ्या समारंभाने सिद्ध करण्यात येते.

ह्या उपदेशाशी आमचे भांडण नाही. परंतु ज्या अहवालाच्या आधारे तो केला जातो, त्याच अहवालात जगाची घरगुती सरासरी दरडोई ७९ किलो दिली आहे, आणि आमचा आकडा तीहून पुष्कळ कमी आहे, हे उपदेशक सांगत नाहीत. शिवाय तो आकडा काही थोड्या ठिकाणच्या मोजणीवरून सर्व देशास लावलेला आहे. तेव्हा घरातील ताटास एकट्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून निकाल देणे म्हणजे साक्षीपुरावा न घेता शिक्षा सांगण्यापैकीच होय. वकिलाच्या धंद्यात नुकसानीचा कोणताही दावा समोर आला, की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: नुकसान कोणाच्या हातून झाले, आणि ते भरून कोणी द्यावयाचे? अन्नाच्या नासाडीस हे दोन प्रश्न कोणी लावीत नाही. ते लावून पाहिले तर असे दिसेल की, आमच्या देशात अन्न जेथे जेथे मोठ्या प्रमाणावर नासते, तेथे तेथे नासणारा एक व भरणारा दुसरा आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे पाट्या व प्रतिज्ञा ह्यांनी काम का होत नाही, ह्याचा उलगडा होतो.

प्रथम शेताकडे पाहू. लुधियाना येथील काढणीनंतरच्या तंत्रज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली अशी पाहणी प्रसिद्ध केली की, पीक काढल्यापासून पुढे वर्षास ९२,६५१ कोटी रुपयांचा माल नासतो. पुढे नाबार्डच्या सल्लागार संस्थेने हीच पाहणी पुन्हा केली. २०२२ च्या त्या अहवालात हा आकडा १,५२,७९० कोटींवर गेला आहे. रुपयांतील वाढ भाव व उत्पन्न वाढल्यामुळे फुगलेली आहे, म्हणून तिच्यावरून आम्ही काही अनुमान काढीत नाही. शेकडेवारी मात्र बोलकी आहे. पहिल्या पाहणीत पेरूची नुकसानी शेकडा १५.८८ होती, ती दुसरीत १५.०५ झाली, टोमॅटोची १२.४४ होती, ती ११.६१ झाली. सात वर्षांत योजना किती झाल्या, अनुदाने किती वाटली गेली, शीतगृहांच्या कोनशिला किती बसल्या, ह्याची यादी कोणीही मंत्री तोंडपाठ म्हणून दाखवील. पण पेरू व टोमॅटो ह्यांच्या नशिबात त्या सर्वांमुळे शेकडा एकाचाही फरक पडला नाही.

आणि ही मोजणी तोडलेल्या मालाची आहे. जो माल तोडलाच गेला नाही, तो तीत कसा यावा? २०२३ च्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यात टोमॅटोचा भाव किलोस दोन-तीन रुपयांवर उतरला. एका क्रेटची तोडणी, भराई व गाडीभाडे ह्यांचा खर्चच त्यातून निघेना, तेव्हा शेतकऱ्यांनी भरलेले क्रेट रस्त्यावर ओतले, आणि कित्येकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली. ह्या गोष्टीस दोन-तीन महिने होतात न होतात तोच, त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईच्या बाजारात टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला, आणि देशातील काही ठिकाणी त्याच्याही दुप्पट झाला. ज्या वर्तमानपत्रांनी उन्हाळ्यात रस्त्यावरील लाल चिखलाची चित्रे छापली, त्यांनीच पावसाळ्यात गृहिणींचे गाऱ्हाणे छापले. दोन्ही चित्रे एकाच रोगाची होत, हे मात्र क्वचितच कोणी म्हटले. भाव पडला म्हणून पुढची लागवड कमी झाली, लागवड कमी म्हणून माल कमी, आणि त्यावर पावसाने उरलेला माल झोडपला. ह्यात गूढ असे काहीच नाही. मौज अशी की, ह्याच टोमॅटोसाठी, कांद्यासाठी व बटाट्यासाठी २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात 'ऑपरेशन ग्रीन्स' ह्या भारदस्त नावाखाली ५०० कोटी रुपये ठेवल्याची घोषणा झाली होती. पाच वर्षांनी नाशिकच्या रस्त्यांवर जे दिसले ते हे!

कांद्याची कथा ह्याहून बोधप्रद आहे, कारण कांदा हा टोमॅटोप्रमाणे आठवड्यात मरणारा जीव नव्हे. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो, शेतकरी तो चाळीत भरतो, आणि पावसाळा संपेपर्यंत थोडा थोडा काढून विकतो. ह्या चार-पाच महिन्यांत काही कांदा सुकतो, काहीस कोंब फुटतो, काही सडतो; पाव हिस्सा गेला तर शेतकरी त्यास नशीब म्हणतो, आणि वर्ष वाईट असेल तर ह्याहून अधिक जातो. ह्यातील काही दोष शेतकऱ्याचा आहे, आणि तो झाकण्यात त्याचे हित नाही. पीक काढण्याच्या तोंडापर्यंत पाणी देत राहणे, उशिरापर्यंत युरिया टाकणे, मान पुरती वाळण्यापूर्वीच पात कापणे, सावलीत सुकविल्यावाचून चाळ भरणे, ह्या चुकांनी कांदा आतून ओला राहतो, आणि एक नासका कांदा शेजारच्या दहांस नासवितो. लासलगावास भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' नावाचे विकिरण केंद्र २००२ पासून उभे आहे. विकिरणाने कोंब फुटणे थांबते. सड मात्र थांबत नाही, त्यास थंड व कोरडी जागाच पाहिजे. म्हणजे यंत्र आहे, शास्त्र आहे, अनुभव आहे. मग साठवण का सुधारत नाही?

आमच्या मते ह्याचे मुख्य कारण शास्त्रात नसून कायद्यात आहे. साठवण म्हणजे भविष्यावर विश्वास ठेवून आज केलेला खर्च. जो मनुष्य चाळ बांधतो, तो असे गृहीत धरतो की, आज दहा रुपयांस जाणारा कांदा कार्तिकात वीस रुपयांस विकण्याची आपणास मोकळीक राहील. ही मोकळीक आमच्या सरकारने कांद्यास कधी राहू दिली आहे काय? १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली साठ्यास मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारच्या हाती आहे. २०२० साली त्यास काहीसा लगाम घालण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भाव चढताच घाऊक व्यापाऱ्यास २५ टन व किरकोळ दुकानदारास २ टन अशी मर्यादा बसविण्यात आली. आणि २०२१ साली तीन कृषिकायदे रद्द झाले त्याबरोबर तो लगामही गेला. निर्यातीची गोष्ट तशीच. २०२३ च्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० कर बसला, डिसेंबरात निर्यात सर्वथा बंद झाली, आणि २०२४ च्या मे महिन्यात किमान दराच्या अटीवर पुन्हा उघडली. एका वर्षात तीन वेळा नियम बदलले! अशा स्थितीत साठवणुकीवर पैसा घालणारा मनुष्य शहाणा की वेडा? ज्या राज्यात साठा करणारास भाव चढताच साठेबाज म्हणतात, आणि भाव उतरला तर त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाही, त्या राज्यात चांगली कोठारे उभी राहत नाहीत, ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. शहरातील ग्राहकास कांदा स्वस्त मिळावा ही इच्छा वाईट नव्हे. परंतु त्या स्वस्ताईची किंमत चाळीत सडलेल्या कांद्याच्या रूपाने कोणी दिली? २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घालून गेलेल्या एका शेतकऱ्यास हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा जाऊन दोन रुपयांचा चेक हातात पडला. त्या हिशेबपट्टीत आमच्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले आहे.

शेतातून निघून धान्य सरकारच्या कोठारात आले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे समजण्याचाही परिपाठ आहे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ असताना आणि भूकबळींच्या वार्ता येत असताना सरकारी कोठारांत ठरलेल्या राखीव साठ्याहून कितीतरी अधिक धान्य पडून होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ह्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. त्या अर्जाचे फळ लहान नव्हे. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम हुकुमाने अन्नाच्या सरकारी योजना ह्या सरकारची मेहेरबानी न राहता लोकांचा हक्क झाल्या, आणि शाळांतून शिजलेले जेवण देण्याची सक्ती झाली. तरीही कोठारांची रीत पालटली नाही. २०१० च्या ऑगस्टात त्याच न्यायालयास पुन्हा म्हणावे लागले की, धान्य कुजू देण्यापेक्षा ते भुकेल्यांस फुकट द्या. त्या वेळचे कृषिमंत्री श्री. शरद पवार ह्यांनी हे शक्य नाही असे सांगितले. न्यायालयाने ऐकविले की, आम्ही सूचना केली नसून हुकूम केला आहे. आणि पुढील महिन्यात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांनी धोरणाच्या प्रांतात न्यायालयाने शिरू नये असे मत दिले.

धोरण कोणी ठरवावे, ह्या वादात पंतप्रधानांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. फुकट वाटपाने बाजारभावावर व पुढील खरेदीवर काय परिणाम होतो, हे पाहणे कार्यकारी सरकारचेच काम आहे. परंतु त्या सर्व वादात एक साधा प्रश्न मागे पडला. पोते कुजले, ते कोणाच्या ताब्यात होते? खासगी वखारवाल्याकडे ठेवलेला माल त्याच्या हलगर्जीने नासला तर कायदा त्याच्याकडून भरपाई मागतो. ताब्यात घेतलेल्या मालाची स्वतःच्या मालासारखी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या करारांच्या कायद्यातच आहे. सरकारी कोठारात मात्र नुकसानीस 'साठवण-घट' व 'वाहतूक-घट' अशी दोन सदरे असतात, आणि त्यांत ती नोंदली गेली म्हणजे तिचे पातक धुऊन निघते. घट कोणाची हे सदरात लिहीत नाहीत. १९४३ साली बंगालात लक्षावधि माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा परक्या राज्यकर्त्यांस आपण जाब विचारला व तो विचारणे योग्यच होते. त्यांच्याच चौकशी मंडळाने १९४५ साली मृतांचा अंदाज पंधरा लाखांचा दिला. आज कोठारही आपले, किल्लीही आपली, आणि किल्ली बाळगणारा अंमलदारही आपल्याच मताने निवडलेल्या सरकारचा. २०१३ च्या अन्नसुरक्षेच्या कायद्याने ग्रामीण भागातील शेकडा ७५ पर्यंत व शहरांतील शेकडा ५० पर्यंत लोकांस धान्याचा हक्क दिला आहे. हक्क धान्यावर दिला, तर त्या धान्याच्या नासाडीबद्दल हक्कदारास जाब विचारता आला पाहिजे. प्रत्येक कोठाराची घट, कोठाराच्या व अधिकाऱ्याच्या नावानिशी, दर तिमाहीस त्या तालुक्याच्या कचेरीवर लावावी, एवढीच मागणी आम्ही प्रथम करतो. ह्यास नवा कायदा नको, एक खिळा व एक कागद पुरे.

आता लग्नाच्या मांडवात जाऊ. कारण येथे दोष सरकारवर ढकलण्याची सोय नाही.

आमच्या मंगल कार्यालयांतील जेवणाचा करार कसा होतो, हे ज्यांनी मुलीचे लग्न केले त्यांस सांगावयास नको. यजमान पाचशे ताटांची हमी देतो. चारशे माणसे आली तरी पैसे पाचशेंचे. आचारी पाचशेंवर आणखी थोडे रांधतो, कारण जेवण उरले तर त्यास कोणी बोल लावीत नाही, कमी पडले तर त्याचे नाव गावभर होते. आलेला पाहुणा ताटाचा पैसा देत नाही, म्हणून त्यास ताटाची किंमत ठाऊक नाही. पूर्वीच्या पंगतीत वाढप्याचा आग्रह हा नासाडीचा मोठा कर्ता होता. 'एक जिलेबी माझ्यासाठी' म्हणून नको नको म्हणणाऱ्याच्या पानात चार जिलेब्या टाकणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाई. आता पंगत गेली व बुफे आला, तेव्हा आग्रह गेला म्हणून आम्हांस आनंद व्हावयाचा. पण झाले उलटेच. पंचवीस पदार्थांची टेबले पाहून मनुष्य पहिल्या फेरीतच सर्वांचा नमुना ताटात घेतो, कारण रांगेत दुसऱ्यांदा उभे राहण्यास त्यास वेळ नाही. मग त्यातील आवडते तेवढे खातो, आणि बाकीचे ताट टबात उलथे करतो. आग्रह करणारा वाढपी निदान समोर तरी उभा असे. आताच्या आग्रहाचा कर्ता कोण, ते सांगता येत नाही.

ह्या प्रकाराचा खर्च कोण देतो? बहुतेक ठिकाणी मुलीचा बाप, आणि पुष्कळ वेळा कर्ज काढून. पदार्थ सोळा ठेवले तर वरपक्षाकडील मंडळी काय म्हणतील, ह्या एका वाक्याने किती शेतांवर बोजा चढला असेल! हुंड्याविरुद्ध १९६१ पासून कायदा आहे. हुंडा मागणारास निदान तो मागताना आवाज खाली घ्यावा लागतो. जेवणावळीच्या रूपाने जो हुंडा वसूल होतो, त्यास मात्र आवाज खाली घेण्याचीही गरज नाही, कारण तो 'हौस' ह्या नावाने चालतो. अन्न वाचविण्याची चळवळ आणि मुलीच्या बापास वाचविण्याची चळवळ ह्या येथे एकच आहेत, आणि समाजसुधारक म्हणविणाऱ्यांनी हे ओळखले पाहिजे.

कायद्याने पाहुणे मोजण्याचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. टंचाईच्या काळी निरनिराळ्या प्रांतांत तसे हुकूम निघाले. आसामातील १९६६ चा हुकूम ह्यापैकीच होय. पुढे लोकसभेत श्रीमती रंजीत रंजन ह्यांचे एक खासगी विधेयक २०१७ साली गाजले. लग्नास पाच लाखांवर खर्च करणाराने त्याचा दहावा हिस्सा गरीब मुलींच्या लग्नासाठी द्यावा, अशी त्यात योजना होती. आमचा ह्या मार्गावर विशेष भरवसा नाही. पाहुणे मोजावयास आलेला अंमलदार मोजणी आटोपून पानावर बसणार नाही, अशी ज्यांस खात्री असेल त्यांनी तो मार्ग खुशाल धरावा. खर्च मोजावयाचा तर हिशेबाच्या दोन वह्या होतील. पण टबात पडलेले अन्न लपविता येत नाही. त्यास वजन असते. दक्षिण कोरियाने ही गोष्ट ओळखली. त्या देशात २००५ पासून अन्नाचा कचरा जमिनीत पुरण्यास बंदी झाली, आणि २०१३ पासून जो जितके अन्न टाकील त्याने तितके पैसे द्यावे अशी पद्धत देशभर लागू झाली. कित्येक वसाहतींत कचऱ्याची पेटीच वजन करून पैसे मागते. उपदेश न करता टाकणारास टाकण्याची किंमत कळविण्याचा हा उपाय आहे.

आमच्याकडे ती किंमत कोण देतो ते पाहा. यजमान घरी जातो, कार्यालयाचा मालक दार लावतो, आणि पहाटे पालिकेचा सफाई कामगार तो टब उचलतो. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारच्या ढिगावर जात आला. ओल्या कचऱ्यातून निघणारा वायू पेट घेतो, आणि २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर सर्व शहराने पाहिला. तो धूर सर्वांत अधिक कोणाच्या छातीत गेला? ढिगाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या. आणि त्यांपैकी किती जणांस त्या जेवणावळींचे आमंत्रण होते?

येथे कोणी म्हणेल की, उरलेले अन्न गरिबांस वाटावे म्हणजे झाले. ह्या उत्तरातील चांगुलपणा आम्हांस मान्य आहे, आणि ज्या संस्था रात्री-अपरात्री गाड्या घेऊन हे काम करतात, त्यांची आम्ही थट्टा करणार नाही. मुंबईच्या डबेवाल्यांनी अशी 'रोटी बँक' चालविली, हे त्यांच्या लौकिकास साजेसेच झाले. पण दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. उरलेले अन्न निराळे आणि उष्टे अन्न निराळे. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या काही जातींस उष्ट्याचे तुकडे उचलावयास लावले, आणि त्यास धर्माचे नाव दिले, त्या समाजात दानाचा विचार करताना हा भेद विसरता येत नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांस उष्टे न घेण्याविषयी निक्षून सांगितले, तेव्हा प्रश्न भाकरीच्या तुकड्याचा नव्हता. तेव्हा भांड्यात शिल्लक राहिलेले, कोणाचा हात न लागलेले, ताजे अन्न असेल तरच ते दान; टेबलावरचे गोळा केलेले नव्हे. दुसरी गोष्ट, वैशाखातील उष्म्यात शिजलेला भात व बासुंदी काही तासांतच धोक्याची होते. मध्यरात्री आलेली गाडी उशिराच आली असे समजावे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली शिलकी अन्नाच्या वाटपाविषयी नियम केले आहेत, ते ह्या दृष्टीने योग्य होत. परंतु अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने प्रामाणिकपणे अन्न देणाऱ्यास नुकसानीच्या दाव्यापासून जसे संरक्षण दिले, तशी स्पष्ट हमी आमच्या कायद्यात नाही. म्हणून मोठी हॉटेले शिलकी अन्न देण्यापेक्षा टाकून देणे पसंत करतात, आणि वकिलाचा सल्ला विचारला तर वकीलही त्यांस तेच सांगेल. हे एक कलम घालण्यास संसदेस एका दिवसाहून अधिक वेळ लागू नये.

घरांविषयी थोडेसेच सांगावयाचे आहे. आमच्या घरांत परदेशांच्या मानाने अन्न कमी फुकट जाते, ह्याचे श्रेय आपण काटकसरी संस्कृतीस देतो. ती संस्कृती कोणाच्या पोटावर उभी होती, हे मात्र पाहत नाही. रात्रीची भाकरी सकाळी सुनेच्या वाट्यास, नासत चाललेली भाजी आईच्या वाट्यास, आणि ताजे व गरम पुरुषांच्या पानात, ही ती काटकसर होय. फोडणीचा भात व फोडणीची पोळी हे उत्तम पदार्थ आहेत. ते घरातील यजमानानेही खावे. आता मुली शिकल्या, नोकऱ्यांस जाऊ लागल्या, आणि शिळे खाण्याचे जोखड त्यांनी टाकले तर त्यांस उधळ्या म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. घरातील नासाडी कमी व्हावी असे ज्या गृहस्थास वाटत असेल, त्याने आठवड्याचा बाजार स्वतः करावा, आणि शीतकपाटात मागे राहिलेल्या वाट्या रविवारी स्वतः उघडाव्या. 'ह्या तारखेपूर्वी उत्तम' असा शिक्का असलेला पुडा तारीख उलटताच विषारी होत नाही, आणि 'ह्या तारखेनंतर वापरू नये' असा असेल तर तो खाऊ नये, एवढा भेद त्याने शिकून घेतला तरी पुष्कळ झाले.

राहता राहिला मांडवाचा उपाय. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे जे नियम केले, त्यांत मोठा कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा निराळा ठेवण्याची जबाबदारी टाकली होती, म्हणजे तत्त्व नवे नाही. मंगल कार्यालयांस व सभागृहांस परवाना देताना पालिकांनी पुढील अटी घालाव्या: टाकलेल्या अन्नाचे वजन कार्यालयाने प्रत्येक समारंभानंतर करावे, ठरलेल्या वजनावर जे भरेल, त्याचा आकार किलोमागे यजमान, आचारी व कार्यालय ह्या तिघांकडून निम्मेनिम्म नव्हे, तर करारात आधी लिहिलेल्या प्रमाणाने घ्यावा, आणि ती रक्कम कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या खात्यात जमा करावी. ताटांची हमी समारंभाच्या तीन दिवस आधी कमी करण्याचा हक्क यजमानास करारानेच मिळावा. आचाऱ्यांच्या संघटनांशी बोलून हे ठरविता येईल. त्यांस कमी रांधून तितकाच नफा मिळत असेल तर ते विरोध का करतील? विरोध होईल तो प्रतिष्ठितांकडून. त्यांच्यातील ज्यांस सार्वजनिक व्यासपीठांवरून अन्नाचे माहात्म्य सांगण्याची आवड आहे, त्यांनी आपल्या घरच्या पुढील कार्यात टबाचे वजन निमंत्रितांसमोर जाहीर करावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघू लागतात आणि कार्यालयांची नोंदणी त्यापूर्वीच होते. पुणे, नाशिक व सोलापूर येथील नगरसेवकांनी हा ठराव आणावयाचा तर तो पावसाळ्यातील सभांतच आणला पाहिजे.